घुमट कुठे राहतो

थंडर बे. जानेवारी. उणे एकतीस.
इर्याच्या तळघरात भट्टीची घरघर,
पिंगपाँगच्या टेबलावर पसरलेला नकाशा
आणि नकाशातल्या गोठलेल्या समुद्रावरून
शिडाच्या घसरगाडीत पळणारे आम्ही चौघं.
मागे लांडगे. लांडग्यांच्या मागे त्यांचे धनी.

तारास पंधराचा. सप्टेंबरात आला सस्कॅचवनहून,
आईच्या नोकरीपाठोपाठ.
खेळातही तो गव्हाच्या शेतावरचाच पोरगा झालेला,
चार मंत्र येणारा.
म्हणाला, घुमट टाकतो. आपल्याभोवती.
मग आत काही शिरणार नाही.
फासे पडले. बरे पडले.

तेवढ्यात लॉर्नने पेन्सिल खाली ठेवली.
लॉर्न धान्याच्या कोठारात सरकते पट्टे चालवतो,
चालत्या वस्तूंबद्दल त्याला मत असतं.
"पुस्तकात लिहिलंय, घुमट जागचा हलत नाही.
गाडी हलते.
म्हणजे आपण पुढे, घुमट मागे."
बैल गेला नि झोपा केला, ते तरी बरं;
इथे झोपा बांधतानाच बैल धावत होता.
"किंवा मागची भिंत आपल्या पाठीत बसेल,
आणि गाडी एकटीच पुढे जाईल,
रिकामी."

बर्नडेट म्हणाली, मी अँब्युलन्समध्ये सलाइन टांगते,
ते काय रस्त्यावर राहतं?
लॉर्नने बिस्किटांचा ट्रे घेतला,
त्यावर मीठदाणी, मीठदाणीवर उपडा पेला.
पेला एका हाताने दाबून धरला, ट्रे ओढला.
मीठ सांडलं.
याने काहीच सिद्ध झालं नाही.
पृथ्वीही फिरतेच की, मी म्हणाले.
कुणी वर पाहिलं नाही.
हे वाक्य दर टेबलावर कुणीतरी म्हणतंच.

इर्या बोलत नव्हती.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने, मार्ग चौदा.
आता बाजाराला जातानाही
तिचा पाय ब्रेकवर जातो
एका वळणावर, जिथे कुणी चढत नाही.
कॉफी संपवून म्हणाली,
"मंत्र जमिनीला चिकटतो.
पण जमीन कुठली,
ते मंत्र म्हणणाऱ्याच्या पायांना विचारायचं.
जहाजावर जन्मलेल्या म्हातारीने दिवा टांगला,
तर तो डेकवरच राहणार, वादळातही.
तिच्या लेखी जहाज थांबलेलंच आहे,
समुद्र सरकतो."

मग तारासकडे वळून,
"तुझ्या पोराला ही गाडी कितीशी ठाऊक?"
तो हुडीची दोरी चावत होता.
"दोन दिवस."
"मग?"
"मग मागे राहील."
स्वतःच म्हणाला.
लॉर्न जिंकला होता. लॉर्नला ते आवडलं नाही.
मीठ गोळा करत बसला तळहाताने.

इर्याने बर्फावर पेन्सिलीने एक गोल काढला.
आम्ही पळालो. मला लांडगा चावला, अकरा गुण गेले.
मागे तो घुमट, आतून उजळलेला,
वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढा.
तारास नकाशावर तिथेच बघत होता,
त्याची पाळी आली तरी.

मार्चमध्ये त्याच वाटेने परतलो.
बाहेर अंगणात चिखल, छपरावरून टपटप,
नकाशावर अजून हिवाळा,
आणि तो गोल पुसलेला नव्हता.
लॉर्नने पान उघडून दाखवलं, घुमट आठ तास टिकतो.
"मी घड्याळ लावलं नव्हतं," इर्या म्हणाली.

आत बर्फ वितळलेला. वीतभर गवत.
आणि एक पांढरा ससा,
जो आम्हाला पाहून उठलासुद्धा नाही.

तारासने बराच वेळ फासा हातात घोळवला.
"याला गाडीवर घेता येईल?"
"सशाला की घुमटाला?"

वर दारापाशी त्याच्या आईने हॉर्न दिला, दोनदा.
पुढच्या गुरुवारी सांगतो, म्हणाला,
आणि बूट शोधायला लागला.